एचआयव्ही, मूत्रपिंड आणि एपीओएल१ : एका विधानाची दुरुस्ती

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत एचआयव्ही आणि मूत्रपिंडविकार यांच्या संबंधावर नुकताच आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. एचआयव्हीविषयी वृत्तपत्रांत जे काही छापून येते ते बहुधा १ डिसेंबरच्या आगेमागे, आणि तेही संसर्ग कसा टाळावा एवढ्यापुरते असते. संसर्गानंतर वर्षानुवर्षे औषधे घेत जगणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांकडे लक्ष वेधणारा मजकूर विरळा, म्हणून लेखाचे स्वागतच करायला हवे. परंतु त्यातील एक विधान तसेच राहू देणे योग्य होणार नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांची मूत्रपिंडे जन्मतःच कमजोर असतात आणि त्यामुळे एचआयव्हीचा फटका त्यांना अधिक बसतो, अशा आशयाचे ते विधान आहे. धोका आहे, तो आनुवंशिक आहे आणि त्याचे आफ्रिकेशी नाते आहे, इथवर सारे खरे आहे. मात्र हा धोका बाविसाव्या गुणसूत्रावरील एपीओएल१ नावाच्या एका जनुकाच्या दोन विशिष्ट रूपांतून येतो, ती रूपे सगळ्या आफ्रिकेत सारखी पसरलेली नाहीत, आणि ज्यांच्यात ती आहेत त्यांची मूत्रपिंडे जन्मतः कमजोर असतात असे म्हणायलाही आधार नाही. विकृतिशास्त्र शिकवण्यात आणि मूत्रपिंडाच्या बायोप्सी वाचण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहीत आहे; जागेच्या अडचणीची कल्पना आहे.

एचआयव्हीमुळे होणाऱ्या या मूत्रपिंडविकाराची नोंद पहिल्यांदा झाली १९८४ साली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील आणि फ्लोरिडातील मायामी येथील डॉक्टरांनी एड्सच्या रुग्णांमध्ये दिसणाऱ्या एका झपाट्याने बळावणाऱ्या मूत्रपिंडविकाराचे वर्णन त्या वर्षी प्रसिद्ध केले. लघवीतून प्रथिने भरमसाट वाहून जात आणि काही महिन्यांतच, कधी काही आठवड्यांतच, मूत्रपिंडे पुरती निकामी होत. विषाणूला तेव्हा एचआयव्ही हे नावही पडलेले नव्हते. अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, एड्सचे रुग्ण मोठ्या संख्येने असूनही तेथील डॉक्टरांना हा विकार जवळजवळ दिसतच नव्हता, त्यामुळे असा काही स्वतंत्र विकार आहे की नाही यावरच वाद सुरू झाला. ब्रुकलिनच्या रुग्णांपैकी पुष्कळजण शिरेतून हेरॉइन घेणारे होते. तेव्हा हा पूर्वीपासून माहीत असलेला हेरॉइनजन्य मूत्रपिंडविकारच असावा, अशीही शंका घेतली गेली. हेरॉइनला कधी हातही न लावलेल्या रुग्णांत, आईकडून संसर्ग झालेल्या लहान मुलांत तो सापडू लागला, तेव्हा ती शंका मागे पडली. राहिला तो एकच ठळक फरक : सॅन फ्रान्सिस्कोचे रुग्ण बहुतांशी गोरे होते, तर ब्रुकलिन आणि मायामीचे बहुतांशी कृष्णवर्णीय अमेरिकी किंवा हैतीहून आलेले. निरीक्षण अचूक होते. त्याचे स्पष्टीकरण मात्र पुढे पंचवीस वर्षे कुणाला नेमके देता आले नाही, आणि आपल्या लेखातील विधान त्या पंचवीस वर्षांतच अडकून पडले आहे.

विकार प्रत्यक्षात काय करतो हे काचपट्टीवर पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही. मूत्रपिंडात रक्त गाळण्याचे काम सूक्ष्म केशिकांचे गुच्छ करतात. प्रत्येक मूत्रपिंडात असे साधारण दहा लाख गुच्छ असतात. निरोगी गुच्छ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर केशिकांची वेटोळी मोकळी, उघडी दिसतात, त्यांची पातळ भित्ती रंगद्रव्याने रेघ ओढावी तशी उठून दिसते, आणि बाहेरून त्यांना पोडोसाइट नावाच्या पेशी आपल्या बारीक पायांनी कवटाळून असतात. एचआयव्हीजन्य मूत्रपिंडविकाराच्या काचपट्टीत हीच वेटोळी आत कोसळलेली असतात. भित्ती चुरगळून एकमेकींवर आलेली, रक्ताला वाट नाही, आणि एरवी कधीही न वाढणाऱ्या पोडोसाइट पेशी फुगून, गर्दी करून त्या पडझडीवर टोपीसारख्या बसलेल्या. आजूबाजूच्या नलिका ताणल्या जाऊन बारीक पिशव्यांसारख्या पसरतात आणि त्यांत गुलाबी, काचेसारखा प्रथिनांचा साका भरलेला असतो. म्हणूनच या रुग्णांच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडे नेहमीच्या जुनाट विकारासारखी आक्रसलेली न दिसता उलट मोठी आणि अधिक पांढुरकी दिसतात. विद्यार्थ्यांना ही काचपट्टी दाखवली की ते हमखास विचारत, हे सगळे विषाणू स्वतः करतो का?

करतो, पण एकटा नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात प्रयोगासाठी असे उंदीर तयार करण्यात आले, ज्यांच्या प्रत्येक पेशीत एचआयव्हीच्या जनुकांचा काही भाग होता, मात्र विषाणूची वाढ होण्यासाठी लागणारी जनुके काढून टाकलेली होती. संसर्ग नाही, प्रतिकारशक्तीचा ऱ्हास नाही, तरीही या उंदरांना हुबेहूब तोच मूत्रपिंडविकार झाला. अशा उंदराचे मूत्रपिंड निरोगी उंदरात बसवले तर विकार त्या मूत्रपिंडातच झाला आणि निरोगी मूत्रपिंड रोगी उंदरात बसवले तर ते शाबूत राहिले, म्हणजे दोष रक्तातून येत नव्हता, मूत्रपिंडाच्या पेशींतच घडत होता. पुढे २००० साली माणसाच्या मूत्रपिंडातील पेशींतही विषाणूचे अस्तित्व दाखवण्यात आले. मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते ती वेगळीच गोष्ट : उंदरांच्या एका वाणात हा विकार जोरात होई, आणि तीच विषाणूजनुके दुसऱ्या वाणात घातली तर होत नसे. विषाणू तोच, जनुके तीच, फक्त उंदराचा आनुवंशिक वारसा बदललेला. माणसांतही असाच काहीसा पाया असणार हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. शोधायचे होते ते नेमके जनुक.

या शोधात २००८ साली थोडी दिशाभूल झाली. बाविसाव्या गुणसूत्रावरील एमवायएच९ या जनुकाकडे बोट दाखवण्यात आले. हे जनुक पोडोसाइटमध्ये काम करते हे आधीच ठाऊक असल्याने ते सर्वांना पटलेही. परंतु त्यात रोग घडवील असा ठोस बदल कुणाला सापडेना. मग २०१० साली हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी, ब्रुसेल्समधील एतियेन पेज यांच्या गटाच्या साथीने, आणि जवळपास त्याच सुमारास इस्रायलमधील एका गटाने स्वतंत्रपणे, खरा गुन्हेगार अगदी शेजारीच असल्याचे दाखवले. शेजारचे ते जनुक म्हणजेच एपीओएल१. त्याची दोन रूपे धोक्याची ठरली. पहिल्या रूपात, ज्याला जी१ म्हणतात, प्रथिनातील दोन अमिनो आम्ले बदललेली असतात. दुसऱ्या रूपात, म्हणजे जी२ मध्ये, दोन अमिनो आम्ले गळालेली असतात. प्रत्येक माणसाला या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते, आणि दोन्ही प्रती धोक्याच्या असल्या, मग त्या दोन्ही जी१ असोत, दोन्ही जी२ असोत किंवा एकेक, की धोका एकदम उसळी घेतो.

किती उसळी घेतो याचे आकडे पाहण्याजोगे आहेत. अमेरिकेतील २०११ सालच्या अभ्यासात, दोन धोक्याच्या प्रती असणाऱ्या एचआयव्हीबाधितांमध्ये या विकाराची संभाव्यता इतरांच्या २९ पट आढळली. दक्षिण आफ्रिकेत २०१५ साली हाच आकडा ८९ पट निघाला, जरी लहान संख्येमुळे त्याच्या आजूबाजूची अनिश्चितता मोठी होती. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारख्या सामान्य आजारांत एखाद्या जनुकाने धोका दीडपट केला तरी ती मोठी बातमी ठरते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते. उपचार न घेतलेल्या आणि दोन्ही प्रती धोक्याच्या असलेल्या एचआयव्हीबाधितांपैकी सुमारे निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार होईल, असा त्याच अमेरिकी अभ्यासाचा अंदाज होता. याउलट, त्याच दोन प्रती असूनही एचआयव्ही नसेल, तर मूत्रपिंडाच्या केशिकागुच्छांचा तत्सम विकार होण्याची शक्यता आयुष्यभरात सुमारे ४ टक्के. जन्मतः कमजोर मूत्रपिंडे असती तर हा फरक पडला नसता. जनुक जमीन तयार ठेवते. बी पडते ते विषाणूमुळे, किंवा क्वचित दुसऱ्या एखाद्या आघातामुळे. इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहक प्रथिनाचे उपचार घेतलेल्या काही रुग्णांत आणि २०२० नंतर कोविड झालेल्या काही रुग्णांतही केशिकागुच्छ अशाच रीतीने कोसळलेले आढळले, आणि तपासणीत त्यांच्यापैकी बहुतेकांत एपीओएल१ च्या त्याच दोन प्रती निघाल्या. शरीराने विषाणूविरुद्ध उभारलेल्या लढ्यात इंटरफेरॉन वाढते, इंटरफेरॉनमुळे एपीओएल१ चे उत्पादन वाढते, आणि पोडोसाइटमध्ये साचणारे सदोष प्रथिन त्या पेशीचाच घात करते, असा हा क्रम दिसतो.

इतके घातक जनुकरूप लोकसंख्येत टिकले तरी कसे, या प्रश्नाचे उत्तर मूत्रपिंडात नाही, रक्तात आहे. एपीओएल१ जनुकापासून बनणारे त्याच नावाचे प्रथिन रक्तात फिरत असते आणि त्याचे काम ट्रिपॅनोसोमा नावाच्या परजीवींना मारण्याचे आहे. त्सेत्से माशीच्या चाव्यातून येणारा आफ्रिकेतील निद्रारोग या परजीवींमुळे होतो. गुरांना आजारी पाडणारे ट्रिपॅनोसोमा माणसाच्या रक्तद्रवात टिकत नाहीत हे विसाव्या शतकाच्या आरंभीच माहीत झाले होते, मात्र ते एपीओएल१ मुळे हे पेज यांच्या गटाने २००३ साली दाखवले. हे प्रथिन परजीवीच्या आत शिरते आणि त्याच्या पापुद्र्यांत छिद्रे पाडून त्याला फोडते. पूर्व आफ्रिकेतील एका उपजातीने यावर तोड काढली : तिने असे एक प्रथिन घडवले, जे एपीओएल१ ला पकडून निकामी करते. जी१ आणि जी२ मधील बदल नेमके तिथेच आहेत जिथे ही पकड बसते. पकड सैल झाली की परजीवी पुन्हा मरू लागतो. पश्चिम आफ्रिकेत निद्रारोगाची दुसरी उपजात आहे आणि तिच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे, पण तिथेही जी१ असणाऱ्यांत संसर्ग लक्षणांविना राहण्याकडे कल दिसतो. सिकलसेलच्या जनुकाची एक प्रत मलेरियापासून वाचवते आणि दोन प्रती आजार देतात, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. निसर्गाने इथे तसाच सौदा केला आहे. हजारो वर्षे हा सौदा फायद्याचा होता. एचआयव्ही नावाचा विषाणू माणसांत आल्यावर तो अंगाशी आला.

याच कथेचा एक धागा विदर्भात येऊन पोहोचतो, हे आपल्या लेखिकेला बहुधा माहीत नसावे, नाहीतर तिने तो सोडला नसता. जनावरांना सर्रा हा आजार देणाऱ्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या परजीवीचा संसर्ग २००४ साली तेथील एका शेतकऱ्याला झाल्याचे आढळले. माणसात हा परजीवी टिकूच नये, कारण एपीओएल१ त्याला मारते. शोध घेतल्यावर २००६ साली उलगडा झाला : या माणसाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती मुळातच निकामी होत्या आणि त्याच्या रक्तात एपीओएल१ अजिबात नव्हते. औषधाने तो बरा झाला. पण मूत्रपिंडतज्ज्ञांना या माणसाने जे शिकवले ते निद्रारोगाच्या अभ्यासकांनाही अपेक्षित नव्हते. त्याची आणि त्याच्या गावातील इतरांची तपासणी करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या मूत्रपिंडांत केशिकागुच्छांच्या विकाराची कोणतीही खूण आढळली नाही. म्हणजे मूत्रपिंड नीट चालण्यासाठी हे प्रथिन लागत नाही. तेव्हा जी१ आणि जी२ मुळे होणारी हानी प्रथिनाच्या अभावाने होत नाही, ते प्रथिन पेशीला विषारी ठरल्याने होते. उंदरांत एपीओएल१ जनुकच नसते. त्यांच्या पोडोसाइटमध्ये माणसाचे जी१ किंवा जी२ घातले की ते आजारी पडतात आणि साधे रूप घातले तर पडत नाहीत, असे २०१७ सालच्या प्रयोगातून दिसले, त्याने या निष्कर्षाला बळकटी आली.

आता पुन्हा वंशाच्या मुद्द्याकडे येते. जी१ हे रूप नायजेरियातील योरुबा लोकांत जनुकाच्या सुमारे ४० टक्के प्रतींत सापडते. इथिओपियात ही रूपे जवळजवळ नाहीतच, आणि तिथल्या एचआयव्हीबाधितांमध्ये हा विकार शोधूनही सापडला नाही, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. कातडीच्या रंगावर धोका ठरत असता तर इथिओपियन माणूस आणि योरुबा माणूस एकाच रकान्यात बसले असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांपैकीही दोन धोक्याच्या प्रती असणारे साधारण १३ टक्के आहेत. उरलेल्या ८७ टक्क्यांच्या माथी ‘कमजोर मूत्रपिंडे’ हा शिक्का का मारायचा? शिवाय अलीकडे, २०२३ साली, एका तिसऱ्या बदलाचा शोध लागला, जो जी२ च्याच प्रतीवर असेल तर तिचे विषारीपण जवळपास नाहीसे होते. दोन प्रती धोक्याच्या दिसणाऱ्या काही माणसांना प्रत्यक्षात धोका नसतो, तो यामुळे. इतक्या बारकाईने जनुक वाचता येत असताना माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या मूत्रपिंडाचे भविष्य सांगणे हे मला तरी ज्योतिषाच्या फारसे पलीकडचे वाटत नाही.

अर्थात हे प्रकरण मी मांडते आहे तितके सुबक नाही, हेही सांगायला हवे. एक प्रत असली तरी चालते, दोनच वाईट, असे बरीच वर्षे शिकवले गेले. घाना आणि नायजेरियातील ८,३५५ व्यक्तींचा समावेश असलेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकच धोक्याची प्रत असणाऱ्यांतही जुनाट मूत्रपिंडविकाराची संभाव्यता १८ टक्क्यांनी अधिक आढळली, आणि दोन प्रती असणाऱ्यांत २५ टक्क्यांनी. हा अभ्यास एचआयव्हीबाधितांपुरता नव्हता, त्यामुळे २९ पट आणि २५ टक्के या आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही. पण ज्या प्रदेशात ही रूपे सर्वाधिक आहेत तिथेच इतका मोठा अभ्यास व्हायला २०२४ उजाडावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. तोवरची बहुतेक माहिती अमेरिकेतल्या रुग्णांवरून गोळा झालेली होती.

यापेक्षा महत्त्वाची, आणि आपल्या लेखात एका ओळीत उरकलेली, गोष्ट उपचारांची. या विकाराचा सर्वांत प्रभावी प्रतिबंध म्हणजे एचआयव्हीवरचे नेहमीचे एआरटी उपचार, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधे. अमेरिकेत १९९० च्या दशकात २० ते ६४ वयोगटातील कृष्णवर्णीयांमध्ये डायलिसिसपर्यंत नेणाऱ्या कारणांत हा विकार तिसऱ्या क्रमांकावर गेला होता. १९९६ च्या सुमारास तिहेरी औषधे आली आणि चढता आलेख थबकला. उपचार घेणाऱ्यांत या विकाराचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे २००४ सालच्या अभ्यासाने दाखवले. मोडकळीला आलेल्या मूत्रपिंडांचे कार्य उपचारांनी काही अंशी परत आल्याची, डायलिसिस सुटल्याची उदाहरणेही वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. रक्तातील प्रतिकारपेशींची गणना घटेपर्यंत थांबायचे की लगेच औषध सुरू करायचे हा वाद पूर्वी होता. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सर्वांना, निदान होताच औषध देण्याची आहे. त्यामुळे एचआयव्हीबाधिताच्या जनुकात काहीही असो, पहिला उपचार बदलत नाही. आनुवंशिकता म्हटले की वाचकाच्या मनात कपाळावर लिहिलेले उभे राहते, आणि नेमके या बाबतीत ते लिहिलेले पुसता येते, हे लेखात ठळकपणे यायला हवे होते.

आता वाचकांपैकी जे स्वतः एचआयव्हीसह जगत आहेत त्यांच्या मनातील रास्त प्रश्न : याचा आमच्याशी काय संबंध? जी१ आणि जी२ ही रूपे दक्षिण आशियाई लोकसंख्येत जवळपास आढळत नाहीत, त्यामुळे हा विशिष्ट विकार इथे दुर्मीळ आहे. याचा अर्थ मूत्रपिंडे सुरक्षित आहेत असा नाही. एचआयव्हीमुळे प्रतिपिंडांचे संच मूत्रपिंडात साचून होणारा विकार कोणत्याही वंशात होतो, मधुमेह आणि रक्तदाब आपले काम करतच असतात, आणि टेनोफोविर या एचआयव्हीवरील औषधाने काहींच्या मूत्रपिंडातील नलिकांना इजा होते. ही इजा कुणाला होईल यामागेही आनुवंशिक कारणे असावीत, असा कयास आहे. औषध पेशीबाहेर टाकणाऱ्या वाहक प्रथिनांच्या जनुकांचा, विशेषतः एबीसीसी२ चा, अभ्यास झाला आहे, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यावरून औषध ठरवावे असे काही हाती आलेले नाही. टेनोफोविरचेच नवे रूप मूत्रपिंडांना अधिक सोसते. डोलुटेग्राविर हे एचआयव्हीवरील औषध सुरू केल्यावर रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे गाळून टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ, थोडे वाढते, ते पाहून अनेकजण घाबरतात आणि औषध बंद करतात. ही वाढ बहुधा केवळ कागदावरची असते, कारण हे औषध क्रिएटिनिन लघवीत टाकण्याची नलिकांतील वाट थोडी अडवते, गाळण्याची क्षमता कमी होत नाही. औषध परस्पर बंद करणे हा मात्र खरा धोका आहे. उपचार मध्येच थांबवणाऱ्यांना मृत्यूचा तसेच हृदय, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या गंभीर विकारांचा धोका वाढतो, हे २००६ सालच्या मोठ्या चाचणीतून सिद्ध झाले आहे.

वंशाला वैद्यकाचे माप मानल्याने काय होते याचा एक धडा या विषयाला लागूनच आहे. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता काढण्याची जी सूत्रे जगभर वापरली जात, त्यांत रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला एका ठरावीक अंकाने गुणावे लागे. एका जुन्या सूत्रात हा गुणक सुमारे १.२१ होता आणि २००९ सालच्या सूत्रात १.१५९. परिणामी तेच वय, तेच लिंग, तेच क्रिएटिनिन असलेल्या दोन रुग्णांपैकी कृष्णवर्णीयाची मूत्रपिंडे कागदावर सुमारे १६ टक्के किंवा त्याहूनही अधिक चांगली दिसत, आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायला उशीर होई. अमेरिकेतील मूत्रपिंडविषयक संस्थांनी २०२१ साली हा गुणक काढून टाकला आणि २०२३ पासून, ज्यांची वाट या सूत्राने लांबवली होती त्यांना यादीतील प्रतीक्षेचा काळ दुरुस्त करून देण्याची सोय झाली. एकीकडे मूत्रपिंडे कमजोर म्हणायची आणि दुसरीकडे सूत्रात ती इतरांहून बळकट धरायची, ही विसंगती इतकी वर्षे कुणाच्या डोळ्यांवर आली नाही, कारण दोन्हीकडे माप एकच होते आणि ते मापच चुकीचे होते.

प्रत्यारोपणात जनुकाचा विचार करणे मात्र गरजेचे आहे. दोन धोक्याच्या प्रती असलेल्या दात्याचे मूत्रपिंड बसवले तर ते लवकर निकामी होण्याकडे कल असतो, मग ते घेणारा कोणत्याही वंशाचा असो. इथेही रोग मूत्रपिंडाबरोबर जातो, घेणाऱ्याच्या रक्ताबरोबर नव्हे. एचआयव्हीबाधित दात्याचे मूत्रपिंड एचआयव्हीबाधित रुग्णाला देण्याचा मार्ग दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन येथे २००८ साली प्रत्यारोपण शल्यचिकित्सक एल्मी मुलर यांनी खुला केला, आणि अमेरिकेत २०१३ साली कायदा करून त्याला परवानगी मिळाली. अशा दात्यांचे जनुक तपासणे माझ्या मते इष्ट आहे, आणि जिवंत दात्याच्या बाबतीत तर तो त्याचा हक्कच मानला पाहिजे, कारण एक मूत्रपिंड देऊन उरलेल्या एकावर त्याला जन्म काढायचा असतो. याउलट, प्रत्येक आफ्रिकी वंशाच्या माणसाची सरसकट तपासणी करावी या मताची मी नाही. ज्याला विकार नाही आणि ज्याचा उपचार निकालाने बदलणार नाही, त्याच्या पदरात केवळ एक काळजी टाकून आपण त्याचे भले करत नाही. विमा आणि नोकरी यांच्या बाबतीत त्याचा गैरवापर होण्याची भीती वेगळीच.

हे गणित बदलू शकेल अशी एक घडामोड मात्र झाली आहे. एपीओएल१ प्रथिनाने पेशीत पाडलेली वाट बंद करणारे इनॅक्साप्लिन नावाचे औषध तयार झाले असून, केशिकागुच्छांच्या विकाराच्या, दोन धोक्याच्या प्रती असलेल्या १३ रुग्णांत १३ आठवड्यांनंतर लघवीतील प्रथिनांचे प्रमाण सरासरी ४७.६ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. तेरा रुग्ण म्हणजे फार थोडे आणि प्रथिने घटणे म्हणजे मूत्रपिंडे वाचणे नव्हे, हे मान्य. परंतु हे प्रथिन अडवल्याने मूत्रपिंडाचे काही बिघडत नाही ही खात्री संशोधकांना वाटते, त्यामागच्या पुराव्यांत विदर्भातील त्या शेतकऱ्याच्या निरोगी मूत्रपिंडांचाही वाटा आहे.

माझी आपणास विनंती एवढीच आहे की, पुरवणीच्या पुढील अंकात संबंधित विधानाची दुरुस्ती छापावी, आणि शक्य झाल्यास सोबत हेही नमूद करावे की एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रत्येकाने निदानाच्या वेळी आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा रक्तातील क्रिएटिनिनबरोबर लघवीतील प्रथिनांचीही तपासणी करून घ्यावी. आपल्या लेखात फक्त क्रिएटिनिनचा उल्लेख आहे. केशिकागुच्छांचे नुकसान सुरू झाल्यावर लघवीत प्रथिने अनेकदा आधी दिसू लागतात आणि क्रिएटिनिन हलते तेव्हा बराचसा भाग हातचा गेलेला असतो. लघवीची ही साधी तपासणी मात्र रक्त तपासणीपेक्षा अधिक वेळा विसरली जाते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
विकृतिशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका